चरबीतील मूलपेशी आणि डोळ्याचा पृष्ठभाग

मनुष्याच्या शरीरात रक्तवाहिन्यांवाचून जगणारे भाग फार थोडे आहेत. डोळ्याच्या दर्शनी बाजूस घड्याळाच्या काचेसारखा बसविलेला पारदर्शक पडदा, म्हणजेच पारपटल, हा त्यांपैकी एक होय. बोलण्यात ज्याला बुबुळ म्हणतात ते काळे वा तपकिरी वर्तुळ वस्तुतः या पडद्याच्या मागे असते. पारपटल स्वतः दिसत नाही, आणि ते दिसू लागले तर त्यात काही बिघाड झाला आहे असे समजावे. मध्यभागी त्याची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर असते. या जाडीचा नऊ-दशांश भाग कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या अत्यंत बारीक तंतूंनी व्यापलेला असून हे तंतू इतक्या नेमक्या अंतरावर रचलेले असतात की प्रकाश न विखुरता त्यांतून पार जातो. अशा रचनेत रक्तवाहिनीला वाव नाही. पारपटलाला लागणारा प्राणवायू प्रामुख्याने अश्रूंच्या थरातून, म्हणजे अखेर हवेतूनच मिळतो, आणि पोषक द्रव्ये मागील बाजूच्या जलद्रवातून येतात.

या तंतुमय भागावर सर्वांत बाहेर पेशींचे एक पातळ आच्छादन असते. त्याला अभिस्तर म्हणतात. पेशींचे पाच ते सात थर मिळून त्याची जाडी मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकीच भरते. धूळ, वारा, ऊन आणि पापण्यांची दिवसभर चालणारी उघडझाप यांना तोंड देण्याचे काम या आच्छादनाकडे आहे. साहजिकच त्याच्या पेशी झिजतात, सुटतात आणि अश्रूंबरोबर वाहून जातात. सात ते दहा दिवसांत बहुतेक सर्व आच्छादन नवे झालेले असते. गेल्या पंधरवड्यात ज्या पेशींच्या थरातून मनुष्याने जग पाहिले, त्यांपैकी फारच थोड्या आज जागेवर असतात.

या नव्या पेशी येतात कोठून, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. त्याच्या उत्तरावर मात्र हजारो अंध माणसांची दृष्टी अवलंबून होती, आणि ते उत्तर मिळण्यास विसावे शतक बरेच पुढे जावे लागले.

सीमेवरील रोपवाटिका

पारदर्शक पारपटल आणि डोळ्याचा पांढरा भाग, म्हणजे श्वेतपटल, जेथे एकमेकांस भेटतात तेथे एक अरुंद कडे असते. सूक्ष्मदर्शकातून पाहिल्यास या कड्यावर, विशेषतः त्याच्या वरच्या व खालच्या बाजूस, शेताच्या सऱ्यांप्रमाणे आडव्याउभ्या वळ्या दिसतात. स्विस नेत्रतज्ज्ञ आल्फ्रेड फोग्ट यांच्या नावाने त्या ओळखल्या जातात. आपल्याकडील लोकांच्या डोळ्यांत रंगद्रव्य अधिक असल्यामुळे या वळ्या अधिक ठळक दिसतात. दीर्घकाळ त्यांच्याकडे शरीररचनेतील एक बारकावा म्हणूनच पाहिले गेले.

१९७१ मध्ये दाव्हांगेर आणि एव्हेन्सेन या दोन नेत्रतज्ज्ञांनी असे सुचविले की पारपटलाच्या आच्छादनाची नवी भरती या वळ्यांतूनच होत असावी. पुरावा मिळण्यास आणखी पंधरा वर्षे लागली. १९८६ मध्ये न्यूयॉर्क येथे तुंग-तिएन सुन आणि त्यांचे सहकारी यांना असे आढळले की पारपटलाच्या पक्व पेशींत सापडणारे एक विशिष्ट केराटिन प्रथिन सीमेवरील कड्याच्या सर्वांत खालच्या थरातील पेशींत मुळीच नसते. याचा अर्थ, त्या पेशी अद्याप ‘पारपटलाच्या’ झालेल्याच नव्हत्या. १९८९ मधील प्रयोग याहून बोलका होता. उंदरांच्या डोळ्यांतील विभागणाऱ्या पेशींना किरणोत्सर्गी खूण करण्यात आली. पेशी विभागली की ही खूण दोन लेकींत वाटली जाते. वारंवार विभागणाऱ्या पेशींतून ती लवकरच नाहीशी होते, सावकाश विभागणाऱ्या पेशींत मात्र टिकून राहते. काही आठवड्यांनंतर पाहता खूण शिल्लक होती ती केवळ सीमेवरील कड्यात. पारपटलाच्या मध्यभागी तिचा मागमूस नव्हता.

क्वचित विभागणे, स्वतःची संख्या कायम राखणे आणि विभागणीतून दुसऱ्या, अधिक कामकरी पेशींना जन्म देणे, ही मूलपेशींची लक्षणे होत. ज्या मूलपेशींविषयी सर्वाधिक वाद झडले त्या भ्रूणातील मूलपेशी. त्यांपासून शरीरातील कोणतीही पेशी घडू शकते. प्रौढ शरीरातील मूलपेशींची झेप एवढी नसते. त्या ज्या ऊतीत राहतात तिची डागडुजी करणे एवढेच त्यांचे नित्याचे काम असते. सीमेवरील कडे ही डोळ्याच्या पृष्ठभागाची रोपवाटिका होय. तेथे पेशी उगवतात, मध्याकडे सरकत जातात, वर चढतात आणि गळून पडतात.

चुन्याने जळलेला डोळा

रोपवाटिका नष्ट झाली तर काय होते हे भारतातील नेत्ररुग्णालयांना चांगले ठाऊक आहे. कारखान्यातील आम्ल, प्रयोगशाळेतील रसायने, भिंत रंगविताना उडालेला चुना ही नेहमीची कारणे आहेतच. त्यांत एक खास आपल्याकडचे कारण येते. पानतंबाखूबरोबर खावयाचा ओला चुना प्लॅस्टिकच्या लहान पुड्यांत विकला जातो. लहान मूल ती पुडी खेळणे म्हणून दाबते, पुडी फुटते आणि चुन्याची चिळकांडी थेट डोळ्यात जाते. आम्लाने डोळ्यातील प्रथिने गोठतात आणि तो गोठलेला थर आम्लाला पुढे जाण्यास काही अंशी अडवितो. चुन्यासारखा आम्लारी पदार्थ मात्र पेशींच्या आवरणांतील स्निग्ध द्रव्यांचा साबण करीत करीत आत शिरतो. म्हणून चुन्याची इजा अधिक घातक ठरते. अशा वेळी पहिली काही मिनिटे मोलाची असतात. जवळ असेल त्या स्वच्छ पाण्याने डोळा तत्काळ आणि निदान पंधरा-वीस मिनिटे सतत धुवावयाचा असतो. पापण्यांच्या आड अडकलेले चुन्याचे कण नंतर डॉक्टरांनी काढावयाचे असतात. दूध, तूप वा मध शोधण्यात गेलेला वेळ चुन्याच्याच उपयोगी पडतो.

सीमेवरील मूलपेशी जळाल्या की आच्छादनाची भरती थांबते. उघड्या पडलेल्या पारपटलावर मग शेजारच्या, डोळ्याचा पांढरा भाग झाकणाऱ्या पातळ त्वचेच्या पेशी चाल करून येतात आणि येताना रक्तवाहिन्या घेऊन येतात. पडीक शेतात तण माजावे तसा हा प्रकार असतो. पृष्ठभाग गढूळ, लाल आणि खरबरीत होतो. डोळ्यात सतत खुपते, उजेड सहन होत नाही आणि दृष्टी हाताची बोटे मोजण्यापुरती किंवा त्याहूनही कमी उरते.

सामान्य वाचकास वाटेल की यावर नेत्रदानातून मिळालेले पारपटल बसविणे हा सरळ उपाय आहे. इतिहासातील पहिले यशस्वी पारपटल-रोपण चुन्याने आंधळ्या झालेल्या माणसावरच झाले होते हेही खरे. ७ डिसेंबर १९०५ रोजी मोराव्हियातील ओलोमोउत्स या गावी एडुआर्ड झिर्म यांनी एका मजुराच्या दोन्ही डोळ्यांवर अशी शस्त्रक्रिया केली. त्यांपैकी एक कलम फसले, दुसरे जगले. परंतु पुढील अनुभवाने असे दाखविले की ज्या डोळ्याची सीमा पूर्णपणे जळालेली आहे त्यात हे रोपण टिकत नाही. दात्याच्या पारपटलाचा मधला तुकडाच बसविला जातो, आणि त्यावरील आच्छादन थोड्याच काळात झिजून जाते. त्याची जागा घेणाऱ्या पेशी रुग्णाच्या स्वतःच्या रोपवाटिकेतून यावयाच्या असतात. ती नसेल तर नवा पडदाही जुन्यासारखाच गढूळ होतो. कित्येक रुग्णांवर अशी दोन-तीन रोपणे व्यर्थ झाली आणि दुर्मिळ पारपटले वाया गेली.

तेव्हा रोपवाटिकाच पुन्हा लावावयास हवी होती. १९८९ मध्ये अमेरिकेत केन्यन आणि त्सेंग यांनी रुग्णाच्या निरोगी डोळ्याच्या सीमेचे तुकडे काढून जळालेल्या डोळ्यात बसविल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ते उत्साहवर्धक होते. पण धडधाकट डोळ्याची बरीच मोठी सीमा कापावी लागत असल्याने, एक डोळा वाचविताना दुसरा धोक्यात येण्याची भीती होती. १९९७ मध्ये इटलीत ग्रात्सिएल्ला पेल्लेग्रीनी, मिकेले दे लुका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिलिमीटरभर तुकडा घेऊन त्यातील पेशी प्रयोगशाळेत वाढविल्या आणि दोन रुग्णांच्या डोळ्यांवर त्यांचा पडदा बसविला. याच पद्धतीने उपचार झालेल्या ११२ रुग्णांचा वृत्तान्त २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ७६.६ टक्के रुग्णांत पृष्ठभाग कायमचा सुधारल्याचे दिसले. त्या वृत्तान्तातील एक बाब या प्रकरणाच्या दृष्टीने विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. बसविलेल्या पडद्यात खऱ्या मूलपेशींचे प्रमाण तीन टक्क्यांहून अधिक असेल तर यश मिळे. त्याहून कमी असेल तर पडदा दिसावयास तसाच असूनही बहुधा अपयश येई. नुसत्या पेशी घालून भागत नाही. त्या कोणत्या पेशी आहेत हे पाहावे लागते.

युरोपातील ही पद्धत खर्चिक होती, आणि तिला अतिशुद्ध प्रयोगशाळा लागे. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत २००१ पासून अशी पेशी-वाढ करण्यात येत होती, आणि २०११ मध्ये तेथील २०० रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ७१ टक्के यशस्वी. त्यानंतर २०१२ मध्ये तेथील वीरेंद्र सांगवान, सायन बसू, दोराइराजन बालसुब्रमण्यन आणि इंग्लंडमधील शीला मॅकनील यांनी प्रयोगशाळाच वगळून टाकली. निरोगी डोळ्याच्या सीमेवरून दोन मिलिमीटर लांब व तितकाच रुंद तुकडा घ्यावयाचा, त्याचे आठ-दहा बारीक कण करावयाचे, जळालेल्या डोळ्यावर गर्भाभोवतीच्या पिशवीचा पातळ पडदा पसरून त्यावर हे कण फायब्रिनच्या डिंकाने चिकटवावयाचे आणि वर काँटॅक्ट लेन्स ठेवावयाची, असे या शस्त्रक्रियेचे स्वरूप आहे. सर्व काम एकाच बैठकीत होते. पहिल्या सहा रुग्णांत सहा आठवड्यांच्या आत पृष्ठभाग झाकला गेला. बियाणे शरीरातच पेरले तर ते शरीरातच रुजते हे इतके सोपे तत्त्व; पण ते सुचण्यास प्रयोगशाळेतील दहा वर्षांचा अनुभव खर्ची पडावा लागला. २०१६ मध्ये १२५ रुग्णांवरील निष्कर्ष आले आणि यशाचे प्रमाण महागड्या पद्धतीइतकेच भरले.

एवढे सर्व झाल्यावरही एक मोठा गट बाहेरच राहतो. तो म्हणजे दोन्ही डोळे जळालेल्यांचा. औषधाच्या उलट्या परिणामाने अंगभर फोड येऊन दोन्ही डोळ्यांची सीमा नष्ट झालेले रुग्णही त्यातच मोडतात. त्यांच्यापाशी बी घेण्यास निरोगी डोळाच नसतो. नातलगाच्या वा मृत दात्याच्या सीमेचा तुकडा घेता येतो. पण शरीर त्यास परके मानते, आणि रोगप्रतिकारक शक्ती दडपणारी औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात. २००४ मध्ये जपानमध्ये कोजी निशिदा यांच्या गटाने रुग्णाच्या गालाच्या आतील त्वचेपासून पेशींचा पडदा वाढवून चार रुग्णांवर बसविला. तो टिकतो, परंतु तो पारपटलाइतका नितळ नसतो आणि त्यात रक्तवाहिन्या शिरतात. दोन्ही डोळे गमावलेल्या या रुग्णांसाठी शरीरातील अन्य एखादा साठा धुंडाळण्याची निकड निर्माण झाली ती अशी.

चरबीकडे लक्ष कसे गेले

१९६४ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मार्टिन रॉडबेल हे संप्रेरकांचा चरबीच्या पेशींवर होणारा परिणाम अभ्यासत होते. त्यासाठी त्यांना सुट्या पेशी हव्या होत्या. त्यांनी उंदराच्या चरबीवर कोलॅजेन विरघळविणारे विकर घातले, मिश्रण हलविले आणि यंत्रात गरगर फिरविले. तेलाने भरलेल्या चरबीच्या पेशी वर तरंगल्या आणि बाकीचे सर्व तळाशी बसले. रॉडबेल यांनी वरच्या पेशी घेतल्या. पेशींना मिळणारे संदेश आत कसे पोहोचतात याविषयी पुढे त्यांनी जे संशोधन केले त्याबद्दल त्यांना १९९४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. तळाच्या गाळाकडे मात्र बराच काळ कोणाचे फारसे लक्ष गेले नाही.

२००१ मध्ये पॅट्रिशिया झूक आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी शरीरातून शोषून काढलेल्या चरबीचा हाच गाळ प्रयोगशाळेत वाढविला. रूप सुधारण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियांतून निघालेली ही चरबी एरवी फेकून दिली जाई. गाळातील काही पेशी काचेच्या तळाला चिकटल्या आणि वाढू लागल्या. निरनिराळ्या पोषक द्रवांत ठेवल्यावर त्यांतून चरबीच्या, हाडाच्या, कूर्चेच्या आणि स्नायूच्या पेशींची लक्षणे असलेल्या पेशी तयार झाल्या. अस्थिमज्जेत अशाच गुणांच्या मूलपेशी असतात हे आधीपासून माहीत होते. आता त्या चरबीतही आढळल्या, आणि तेही अधिक विपुल प्रमाणात. अस्थिमज्जा काढण्यासाठी हाडात सुई खुपसावी लागते. पोटाची किंवा मांडीची चरबी जागा बधिर करून एका नळीने ओढून घेता येते. ज्याच्या अंगी ती पुरेशी नाही असा मनुष्य विरळा. शिवाय पेशी रुग्णाच्या स्वतःच्या असल्याने परकेपणाचा प्रश्न उद्भवत नाही.

लाभांच्या या यादीत दोन उणिवाही जमेस धराव्यात. वाढत्या वयात आणि मधुमेहात या पेशींचा जोम घटलेला आढळतो. दुसरे असे की तळाच्या गाळात मूलपेशींबरोबर रक्तवाहिन्यांच्या भिंतींच्या पेशी, रक्तातील पांढऱ्या पेशी आणि इतर पुष्कळ काही असते. कच्चा गाळ आणि त्यातून निवडून वाढविलेल्या पेशी या दोन भिन्न वस्तू आहेत. पण जाहिरातींत दोन्हींना ‘मूलपेशी’ हे एकच नाव दिलेले आढळते. वस्तुतः कोणत्या पेशींना हे नाव द्यावे याच्या किमान कसोट्या २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाने ठरवून दिल्या आहेत. काचेस चिकटणे, पृष्ठभागावर ठरावीक प्रथिने असणे आणि हाड, चरबी व कूर्चा यांत रूपांतर होऊ शकणे, या त्या कसोट्या होत.

रूपांतर की शुश्रूषा?

चरबीतील पेशी पारपटलाचे आच्छादन होऊ शकते काय? शरीराच्या घडणीकडे पाहता उत्तर सोपे नाही. गर्भात अगदी आरंभी पेशींचे तीन थर पडतात. त्वचा आणि पारपटलाचे आच्छादन बाहेरच्या थरातून बनतात. चरबी, हाड, स्नायू हे मधल्या थरातून. या दोन घराण्यांची फारकत फार जुनी आहे. काचपात्रात विशिष्ट द्रव घालून चरबीतील मूलपेशींकडून पारपटलाच्या पेशीची काही प्रथिने तयार करून घेता येतात. परंतु एखाद्याने दुसऱ्याच्या भाषेतील चार शब्द उच्चारले म्हणून तो त्या मुलखाचा रहिवासी होत नाही. या पेशींपासून रुग्णाच्या डोळ्यात वर्षानुवर्षे टिकणारे, स्वतःला नवे करणारे आच्छादन निर्माण झाल्याचा पुरावा नाही.

असे असूनही प्रयोगांत डोळे सुधारताना दिसत होते. हे कोडे सुटले ते अमेरिकेतील डार्विन प्रॉकप आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१० व २०११ मधील प्रयोगांनी. त्यांनी पारपटल जाळलेल्या उंदरांच्या शिरेत व पोटात माणसाच्या अस्थिमज्जेतील मूलपेशी टोचल्या. डोळ्यांतील दाह कमी झाला, पारपटल अधिक स्वच्छ राहिले. मग या पेशी डोळ्यात किती पोहोचल्या याची मोजदाद केली, तेव्हा ती संख्या दहाहूनही कमी निघाली. दहा पेशी काही नवा पडदा विणू शकत नाहीत. काम झाले होते ते दुरून. शरीरात अन्यत्र अडकलेल्या पेशींनी दाह शमविणारे एक प्रथिन स्रवले होते, आणि ते प्रथिन एकटे दिले तरी डोळ्यास तोच गुण येत होता.

चरबीतील पेशींची जातही हीच. जखम झालेल्या ठिकाणी त्या दाहाची तीव्रता उतरवितात, मरू घातलेल्या शेजारी पेशींना तगवून धरतात, आणि अतिरेकी व्रण पडू देत नाहीत. या पेशींच्या अस्थिमज्जेतील भावंडांना १९९१ मध्ये ‘मूलपेशी’ हे रूढ नाव देणारे आर्नल्ड कॅप्लन यांनीच २०१७ मध्ये हे नाव बदलावे असे लिहिले; या पेशी औषधी संदेश देणाऱ्या आहेत, त्यांना मूलपेशी म्हटल्याने रुग्णांची दिशाभूल होते, असे त्यांचे म्हणणे होते. नाव ठेवणाऱ्यानेच ते मागे घेण्याची अशी उदाहरणे शास्त्रात फारशी नाहीत.

स्पेनमधील वायादोलिद येथील नेत्रसंशोधन संस्थेने या दिशेने पद्धतशीर काम केले आहे. २०१७ मध्ये तेथील संशोधकांनी सशांच्या इजा झालेल्या सीमेवर माणसाच्या चरबीतील मूलपेशी बसविल्या. पेशी दाह झालेल्या भागाकडे सरकल्या, दाह कमी झाला, रक्तवाहिन्यांची चाल आणि गढूळपणा यांना आळा बसला. २०१९ मध्ये मार्गारिता कालोंखे यांच्या नेतृत्वाखाली याच संस्थेने रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष मांडले. त्यात चरबीऐवजी परक्या दात्यांच्या अस्थिमज्जेतील पेशी वापरल्या होत्या. २८ डोळ्यांपैकी काहींत सीमेच्या वाढविलेल्या मूलपेशी तर काहींत अस्थिमज्जेच्या पेशी, चिठ्ठ्या टाकून ठरविल्याप्रमाणे, बसविण्यात आल्या. कोणास काय मिळाले हे रुग्णासही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यासही नव्हते. वर्षअखेर सीमेच्या पेशींना ७७.८ टक्के, तर अस्थिमज्जेच्या पेशींना ८५.७ टक्के यश आले. संख्या लहान असल्यामुळे एक पद्धत दुसरीहून श्रेष्ठ ठरत नाही. मात्र बाहेरच्या पेशींनी, पारपटल न बनताही, जवळजवळ तेवढेच काम केले ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. सीमेवर थोड्याफार मूलपेशी दबून उरलेल्या असाव्यात आणि दाह ओसरताच त्या पुन्हा कामास लागत असाव्यात, असा त्याचा एक उलगडा संभवतो. तो खरा असेल तर ज्या डोळ्यात एकही मूलपेशी उरलेली नाही तेथे हा उपाय अपुरा पडेल.

थेट चरबीतील पेशी माणसाच्या डोळ्याच्या पृष्ठभागावर वापरल्याचे दाखले अद्याप तुरळक आहेत. २०१२ मध्ये ग्रीसमधील डॉक्टरांनी इजेनंतर भरून न येणाऱ्या जखमेवर रुग्णाच्याच चरबीतील पेशी थेंबांच्या रूपाने सोडल्या, आणि जखम भरली. हा एकाच रुग्णाचा अनुभव होता. अशा वृत्तान्तातून पुढील प्रयोगाची दिशा मिळते. उपचाराचा नियम मिळत नाही.

आच्छादनाखालील तंतुमय भागात मात्र या पेशींचे नाते अधिक जवळचे वाटते. तेथील कोलॅजेन निर्माण करणाऱ्या पेशींचे गुण आणि चरबीतील मूलपेशींचे गुण बरेच जुळतात. २००८ मध्ये स्पेनमधील संशोधकांनी सशांच्या पारपटलात माणसाच्या चरबीतील पेशी घातल्या असता त्यांनी तेथील पेशींसारखी प्रथिने तयार केली आणि पारपटल पारदर्शक राहिले. २०१७ मध्ये होर्हे आलिओ यांच्याशी संबंधित गटाने शंकूसारखे पुढे येऊन पातळ झालेले पारपटल असणाऱ्या पाच रुग्णांच्या पारपटलात लेसरने खिसा करून त्यात त्यांच्याच चरबीतील पेशी सोडल्या. सहा महिन्यांत कोणतीही गुंतागुंत झाली नाही, आणि नव्या कोलॅजेनची थोडी निर्मिती दिसली. पाच रुग्णांवरून सुरक्षिततेचा अंदाज येतो. गुणाविषयी फार बोलता येत नाही.

एक शंका शास्त्रज्ञांत उघडपणे बोलली जाते. चरबीतील पेशी रक्तवाहिन्या वाढविणारी द्रव्येही स्रवतात. हृदयाच्या किंवा पायाच्या उपचारात हा गुण ठरेल. पण पारपटलाचे सारे वैभव रक्तवाहिन्या नसण्यात आहे. सशांतील प्रयोगात रक्तवाहिन्या कमी झाल्या हे आश्वासक असले, तरी मात्रा, वेळ आणि जागा बदलली तर काय होईल हे तपासल्यावाचून गृहीत धरता येत नाही.

फ्लॉरिडातील तीन स्त्रिया

मार्च २०१७ मध्ये अमेरिकेतील एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात तीन वृद्ध स्त्रियांचा वृत्तान्त आला. ७२ ते ८८ वर्षे वयाच्या या स्त्रियांना दृष्टिपटलाच्या केंद्रभागाची वार्धक्यातील झीज हा विकार होता. २०१५ मध्ये फ्लॉरिडातील एका खासगी दवाखान्यात प्रत्येकीने ५,००० डॉलर भरले. पोटाची चरबी काढून, तिच्यावर विकराची प्रक्रिया करून मिळालेल्या पेशी त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या आत, एकाच दिवशी टोचण्यात आल्या. काही दिवसांत डोळ्यांत रक्तस्राव झाला, दृष्टिपटल सुटले. उपचारापूर्वी त्यांना वाचता येईल इतपत ते बरेच मंद, अशी निरनिराळी दृष्टी होती; वर्षभराने कोणास कायद्याच्या व्याख्येने अंधत्व आले होते, तर कोणास उजेडही कळत नव्हता. २०१९ मध्ये फ्लॉरिडाच्या संघीय न्यायालयाने त्या दवाखान्यास हा उपचार करण्यास मनाई केली.

येथे पेशी डोळ्याच्या पृष्ठभागावर न ठेवता आत टोचल्या होत्या हे खरे. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजता येणार नाहीत. तरीही काही खुणा सर्वत्र सारख्याच आढळतात. रुग्णाने पैसे भरावयाचे, पूर्वी प्राण्यांवर काय आढळले ते कोणी सांगावयाचे नाही, आणि दोन्ही डोळ्यांवर एकाच वेळी प्रयोग करावयाचा. खऱ्या संशोधनात आधी एक डोळा, तोही अधिक अधू असलेला, निवडला जातो.

भारतात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूत्रांनुसार, रक्ताच्या विकारांसाठी होणारे रक्तनिर्मितीच्या मूलपेशींचे मान्य रोपण वगळता, मूलपेशींचा अन्य वापर हा उपचार नसून संशोधन मानला जातो. तो नीतिसमितीची अनुमती आणि नोंदणी असलेल्या चाचणीतच व्हावा व त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेऊ नयेत, असे त्यात म्हटले आहे. चरबीतून पेशी काढून ‘डोळ्यांची शक्ती’ वाढविण्याची हमी देणाऱ्याकडे रुग्णाने प्रथम चाचणीचा नोंदणीक्रमांक मागावा. तो हक्क त्यास आहे.

संशोधनाची वाट दरम्यान दोन दिशांनी पुढे गेली आहे. ओसाकामध्ये निशिदा यांच्या गटाने प्रौढ पेशींना प्रयोगशाळेत भ्रूणावस्थेसारख्या स्थितीत नेऊन त्यांपासून पारपटलाचे खरे आच्छादन घडविले. अशा चार रुग्णांवरील निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि दोन्ही डोळे गमावलेल्यांसाठी तो मार्ग अधिक थेट दिसतो. दुसरीकडे चरबीतील पेशींवर काम करणारे काही गट आता पेशीच बाजूला ठेवू पाहत आहेत. काम जर स्रावांनी होत असेल, तर पेशी वाढलेल्या द्रवातील ती प्रथिने आणि सूक्ष्म पुटिका वेगळ्या करून डोळ्यात घालावयाचे थेंब करता येतील का, हे प्राण्यांवर तपासले जात आहे. असे थेंब गोठवून साठविता येतील आणि त्यांत नको ती वाढ होण्याची भीती उरणार नाही. मात्र दर वेळी वेगळ्या माणसाच्या चरबीतून निघालेल्या द्रवाची ताकद एकसारखी कशी राखावी, हा प्रश्न तूर्त अनुत्तरित आहे. एकच डोळा चुन्याने जळलेल्या रुग्णासाठी अद्यापही दुसऱ्या डोळ्याच्या सीमेवरील तो दोन मिलिमीटरचा तुकडाच आधी विचारात घेतला जातो.